एका नंबराच्या दोन गाड्या

सुरतेत मी अकरा वर्षं एका खिडकीत बसून काढली. खिडकीपाशी म्हणायला हवं, पण उधन्याच्या त्या लाकडी केबिनमध्ये शिरलो की पाठ मागच्या दाराला टेकायची आणि पोट पुढच्या फळीला, म्हणून खिडकीत हेच बरोबर. पुढे लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी फट, आणि त्या फटीतून मी खान्देशात जाणाऱ्या खासगी बसची तिकिटं द्यायचो. केबिन बनवणाऱ्याने जाळी फार खाली बसवली होती. गिऱ्हाइकाला वाकावं लागे, आणि मला समोरचं माणूस छातीपासून गुडघ्यापर्यंतच दिसे. बस येऊन थांबली की तिचा नंबर मात्र बरोबर डोळ्यांसमोर यायचा. मोटारींच्या नंबरांचा नाद तुम्हाला कसा लागला, असं थोरला जावई हल्ली विचारतो. मला दुसरं काही दिसतच नव्हतं, हे त्याचं खरं उत्तर.

राहायची खोलीही बसच्या मालकाची, शेठचीच, केबिनच्या डोक्यावर. चौदा पायऱ्या चढल्या की संसार, चौदा उतरल्या की नोकरी. केबिनला दुसरा माणूस नव्हता. दिवसभरात मी कुठे गेलो तर शटर ओढावं लागे, आणि शटर ओढलं की शेठला कुणीतरी लगेच जाऊन सांगे. टेबलावर फोन होता, पण त्याच्या डायलला शेठने छोटंसं कुलूप घातलं होतं. आलेला फोन मी घेऊ शकत होतो, करू शकत नव्हतो. आपलं आयुष्य या फोनसारखं झालंय, असं मी एकदा बायकोला म्हणालो.

"फोन तरी वाजस," ती म्हणाली.

घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मी बरंचसं सरळ करून लिहितोय. तिची काही वाक्यं मात्र सरळ होत नाहीत.

त्या वर्षांत गाड्यांच्या नंबरांची पद्धत नुकतीच बदलली होती. आधी नुसती तीन अक्षरं आणि आकडे असत, गाडी कुठली हे जाणकारालाच कळे. नव्या पद्धतीत राज्याची दोन अक्षरं आली आणि मागोमाग जिल्ह्याचा आकडा. जीजे पाच म्हणजे आमची सुरत, सोळा म्हणजे भरूच. एमएच अठरा धुळं, एकोणीस जळगाव. जाळीतून एमएच अठरा दिसलं की मला उगाच बरं वाटे, गावाकडचं कुणी रस्त्याने गेल्यासारखं. आधी नुसता बघायचो. मग तिकिटांच्या संपलेल्या पुस्तकांच्या पाठीवर लिहू लागलो: नंबर, कुठून कुठे, पट्ट्याचा रंग, दार पुढे की मध्ये, एका बाजूला खिडक्या किती, पहिल्यांदा कधी दिसली. रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या गाड्या अख्ख्या दिसत. आमच्याच गाड्या अगदी पुढ्यात थांबत, त्यांच्या खिडक्या मोजायला मला जाळीला गाल लावून वर बघावं लागे. गिऱ्हाईक विचारी, "मास्तर, दाढ दुखते का?"

एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे एक इंग्रजी मासिक हाती लागलं, विलायतेहून परतलेल्या कुणाच्या घरातलं असावं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसत्या बस. माझ्यासारखी माणसं जगात आहेत आणि ती चकचकीत कागदावर छापली जातात, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटच्या पानावर एका निवृत्त बस-मेकॅनिकचा पत्ता होता. देशोदेशींच्या बसगाड्यांच्या याद्या जमवणारं त्याचं एक मंडळ होतं, त्याला निरनिराळ्या शहरांतून माणसं हवी होती. मी शब्दकोश घेऊन आठवडाभर पत्र लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं आणि मी त्या मंडळाचा सुरतचा वार्ताहर झालो. इंग्लंडात वार्ताहर, आणि उधन्यात "ओ बारीवाला", म्हणजे गुजरातीत खिडकीवाला.

म्हाताऱ्याची पत्रं मोठी छान असत. त्यांतून मला देश कळले. इंग्लंडात नंबरातल्या एका अक्षरावरून गाडी कुठल्या वर्षी रस्त्यावर आली ते कळतं, म्हणजे वय लपवायची सोय नाही. आयर्लंडात आधी वर्षच लिहितात, मग जिल्हा. जर्मनीत मोठ्या शहराला एक अक्षर आणि लहान गावाला तीन, आपल्याकडे लहान माणसाला लांबलचक नाव ठेवतात तसं. फ्रान्समध्ये शेवटचे दोन आकडे जिल्ह्याचे, आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला की त्याने गाडीचा नंबरच बदलून घ्यायचा. हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. आम्हाला सुरतेत येऊन इतकी वर्षं झाली तरी आमचा नंबर कुणी बदलून दिला नव्हता, आणि गावाकडे गेलो की तिथले म्हणत, आले सुरतवाले.

हे सगळं मी बायको भाकरी थापत असताना तिला सांगायचो. ती ऐकायची, तवा उतरवायची, आणि एकदा तिने विचारलं, "ड्रायव्हर कुठला ते कशावरून कळतं?"

ते कुठल्याच देशात कळत नाही, मी म्हणालो.

"मंग काय कामनं?"

तिचा धाकटा भाऊ ड्रायव्हर होता, म्हणून हा प्रश्न. शिरपूरकडे तो आधी ट्रॅक्टर चालवायचा, मग ट्रक. सासूबाईंनी मला गळ घातली आणि मी शेठला घातली. त्याच वर्षी शेठने सुरतेबाहेरच्या सचिन वसाहतीतून शिरपूरला दुसरी लाइन काढली, सचिनच्या कारखान्यांतल्या आमच्या लोकांसाठी. ती गाडी तिथल्या शेठच्या प्लॉटवरूनच सुटे आणि तिथेच परत येई, उधन्याच्या खिडकीपुढे कधी आलीच नाही. मेहुण्याला ती मिळाली. "मास्तरनो साळो एटले घरनो माणस," शेठ म्हणाला. मास्तरचा मेहुणा म्हणजे घरचाच माणूस. त्या दिवशी मी जिना चढताना पायऱ्या मोजल्या नाहीत.

मेहुणा रविवारी जेवायला यायचा आणि येताना माझ्यासाठी रस्त्यावर दिसलेल्या नंबरांची यादी आणायचा. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर माझ्यापेक्षा सरळ. वहीच्या पानावर रेघा आखून लिहायचा. दर यादीच्या तळाला स्वतःच्या गाडीचा नंबर आणि तिच्या खिडक्या. दिसेल ती गाडी लिही असं मी त्याला सांगितलं होतं, आणि स्वतः चालवतो ती गाडीही तो सोडत नाही याचं मला कौतुक वाटे. सुरतची यादी माझी, रस्त्याची यादी त्याची. दोन्ही मी ताव घेऊन स्वच्छ अक्षरात उतरवायचो आणि विलायतेला धाडायचो. उतरवताना माणूस वाचतोच असं नाही. मी अक्षर वळणदार येण्याकडे लक्ष द्यायचो.

उन्हाळा सुरू होताना म्हाताऱ्याचं पत्र आलं. सुरुवातीला नेहमीप्रमाणे हवापाणी, गुडघेदुखी. मग त्याने लिहिलं होतं की तुमच्या याद्या फार नीटनेटक्या असतात, म्हणून एक शंका विचारण्याचं धाडस करतो. सुरतच्या यादीत ज्या गाडीचे शेवटचे आकडे सत्तावीस-बारा आहेत तिला एका बाजूला सात खिडक्या आहेत. रस्त्याच्या यादीत त्याच नंबराच्या गाडीला आठ आहेत. माझ्या अनुभवात बसला नवी खिडकी फुटत नाही. कृपया तपासून पाहावं. आणि खाली, कदाचित मला वाईट वाटू नये म्हणून, एक ओळ होती: स्वित्झर्लंडमध्ये दोन गाड्यांना मिळून एकच नंबर घेता येतो, पाटी काढून तिकडे लावायची, मात्र एका वेळी एकच गाडी रस्त्यावर आणायची. तुमच्याकडे अशी काही व्यवस्था आहे का?

पहिल्यांदा मला मेहुण्याचा राग आला. वार्ताहर म्हणून माझी अब्रू गेली, आठवी खिडकी कुठून मोजली गाढवाने. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं असं वाटलं. सत्तावीस-बारा ही माझ्या पुढ्यात थांबणारी, चोपड्याला जाणारी आमची गाडी. तिचा नंबर मी रोज तिकिटांवर लिहीत होतो. मेहुण्याची गाडी शिरपूरची. तिचा नंबर सत्तावीस-बारा असायचं काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझी सत्तावीस-बारा प्रवासी भरून चोपड्याला गेली. मी स्वतः गाल जाळीला लावून तिच्या खिडक्या मोजल्या. सात. दुपारी तीनला शटर ओढलं, शेजारच्या पानवाल्याला दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि रिक्षाने सचिनला गेलो. चारच्या सुमाराला प्लॉटच्या कुंपणापाशी उभा राहिलो. आत लिंबाच्या झाडाखाली एक माणूस बस धूत होता. जीजे पाच, पुढचं अक्षर तेच, सत्तावीस-बारा. आठ खिडक्या. मी तीनदा मोजल्या, दोनदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून.

म्हणजे एक जायची त्या दिवशी दुसरी यायची. नवापूरच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी त्या रोज एकमेकींना भेटत असणार आणि ड्रायव्हर एकमेकांना हात करत असणार. परवाना एक, विमा एक, कागद एक. मूळ कागद माझ्या गाडीत, झेरॉक्स मेहुण्याच्या. कुठे काही झालं, कुणी खाली आलं, गाडी कुठे उलटली, तर कागदावर ती गाडी त्या वेळी भलतीकडेच असणार. रस्त्यावर खरा सापडणार तो फक्त ड्रायव्हर. आणि ड्रायव्हर मी आणला होता.

मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी परत येऊन शटर उघडलं आणि इंग्लंडला पत्र लिहिलं. आपला तर्क बरोबर आहे, सुरतेत स्वित्झर्लंडसारखीच व्यवस्था आहे. शेठला विचारलं तर खोली जाणार, मुलींची शाळा तुटणार, बायकोला सांगितलं तर ती शेठला विचारणार, आणि मेहुण्याला सांगितलं तर तो बायकोला. चारी बाजूंनी विचार केल्यावर खोटं बोलायला सगळ्यात सुरक्षित जागा इंग्लंड वाटली. पुढे मंडळाच्या पत्रिकेत सुरत आणि स्वित्झर्लंड एकाच वाक्यात छापून आले. एवढा मान सुरतेला क्वचितच मिळाला असेल.

दिवस जात होते आणि आखाजी जवळ येत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशीण माहेरी नाही गेली तर गाव विचारतं, कोण आजारी आहे. उधना, नवागाम, सचिन, सगळीकडची आमची माणसं त्या चार दिवसांत खान्देशाकडे निघतात. शेठने ठरवलं की या वेळी आखाजीच्या आदल्या सकाळी दोन्ही गाड्या एकाच वेळी सोडायच्या, सातला एक उधन्याहून आणि सातलाच एक सचिनहून. एरवी निदान तोंडं दोन दिशांना असत. आता एकाच नंबराच्या दोन गाड्या एकाच रस्त्याने एकामागे एक धुळ्याला जाणार होत्या. आणि बायकोने भावाच्या गाडीत पुढच्या तीन सीटा धरून ठेवायला सांगितल्या होत्या, एक तिची आणि दोन मुलींच्या.

"या खेपेला पॅसेंजर गाडीने जा," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. "माझा भाऊ बस घेऊन दारावरून जाणार आणि मी पॅसेंजरमध्ये उभी राहू?"

"दारावरून नाही जात. सचिनहून जाते."

"काय झालंय?"

"गर्दी असते."

"पॅसेंजरला नसते?"

एका खोलीत चार माणसं राहतात तिथे माणूस फार वेळ गप्प राहू शकत नाही. मी म्हाताऱ्याचं पत्र काढलं, तिला वाचून दाखवलं, समजावून सांगितलं, सचिनला गेलो होतो तेही सांगितलं. ती पोळपाट धुवत होती, तिने तो पूर्ण धुवून उभा करून ठेवला.

"पत्र येऊन किती दिवस झाले?"

"महिना. थोडा जास्त."

"आणि उत्तर?"

"दिलं."

"त्या गोराले आख्खं लिखी धाडं," ती सावकाश म्हणाली, "आन् माले नही सांगं?"

गोऱ्याला मी आख्खं खोटं लिहून धाडलं होतं, पण ते सांगून माझी बाजू सुधारली नसती.

रविवारी मेहुणा जेवायला आला. मी भात कालवत होतो, शब्द जुळवत होतो. मुली मामाच्या गाडीत कुठे बसायचं यावर भांडत होत्या, त्यांना बायकोने खाली पानवाल्याकडे बडीशेप आणायला पाठवलं. मग मी म्हणालो, "तुझ्या गाडीचा नंबर..."

"माहीत आहे दाजी."

"काय माहीत आहे?"

"उधन्याच्या गाडीचाच नंबर आहे. पहिल्याच आठवड्यात नवापूरच्या चढावर समोरून आली की. मला वाटलं, आरशात बघतोय."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने ताटातला हात थांबवला. तो तसा मनमोकळा माणूस, पण त्या वेळी त्याचा चेहरा शाळेत शिक्षकाने मारलेल्या पोरासारखा झाला. "दाजी, मी तुमले लिखी दिधं व्हतं. दर रविवारी. तळाला, नंबर आणि खिडक्या. तुमच्याच खोलीत, तुमच्याच शेठविषयी तोंडाने कसं बोलू? तुमची नोकरी, तुम्हीच मला लावलं. म्हटलं, दाजी नंबरवाले आहेत, वाचतील आणि काय ते बघतील."

"तो वाचत नाही," बायको म्हणाली. "तो उतरवून काढतो."

लग्नानंतर त्या घरात तिने माझा एकेरीत उल्लेख केल्याचा तेवढाच एक प्रसंग. मी भात खात राहिलो. पाच महिने तो मला लिहून देत होता, आणि ते पाच महिने मी ते सुंदर अक्षरात सातासमुद्रापार पाठवत होतो. वाचलं ते तिकडच्या एका गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याने.

दुसऱ्या दिवशी शेठ नेहमीप्रमाणे अकराला चहा प्यायला केबिनपाशी आला. बाहेर स्टुलावर बसला. मी आतून, जाळीतून बोललो. शेठ वाईट माणूस नव्हता हे मुद्दाम सांगतो. माझ्या धाकटीला गोवर आला तेव्हा त्याने स्वतः डॉक्टर आणला होता. त्याचे उपकार नसते तर मला बोलणं सोपं गेलं असतं.

"शेठ, सचिनच्या गाडीचा नंबर आणि आपल्या गाडीचा नंबर एकच आहे."

शेठ बशीत चहा ओतत होता. "मास्तर, तमे टिकिट आपो. नंबर हूं जोईश." तुम्ही तिकिटं द्या, नंबराचं मी बघतो.

"काही झालं तर ड्रायव्हर अडकेल."

"अत्यार सुधी कंई थयुं?" आजवर काही झालंय का.

मी जाळीच्या फटीतून इंग्लंडचं पत्र पुढे केलं. खरं तर मला वाटत होतं, परदेशी तिकीट बघून तो घाबरेल. त्याने ते उलटसुलट केलं.

"आ कोण?"

"इंग्लंडातला एक माणूस. बसच्या याद्या करतो."

"पगार मळे?"

"नाही."

"तो शा माटे करे?" मग कशासाठी करतो.

बायकोनेही हेच विचारलं होतं. शेठने पत्राची नीट घडी घातली आणि फटीतून परत दिलं. मग अगदी मायेने म्हणाला, "साळाने बीक लागे तो छूटो. ड्रायवर बहु मळे. तमे तो अहीं ज छो ने?"

मेहुण्याला भीती वाटत असेल तर त्याने जावं, ड्रायव्हर पुष्कळ मिळतात. तुम्ही तर इथेच आहात ना? त्यात धमकी नव्हती. असती तर मला निदान चिडता आलं असतं. त्याला खरोखरच खात्री होती, आणि ती बरोबर होती.

मेहुण्याने आपलं ठरवून टाकलं. आखाजीची एक फेरी मारायची आणि शिरपूरला पोचल्यावर चावी तिथल्या एजंटच्या हातात द्यायची. आताच का सोडत नाहीस, मी विचारलं. तो म्हणाला, साठ माणसांनी सीटा घेतल्यात, सगळी ओळखीची, आखाजीला घरी नाही पोचली तर जन्मभर मला नावं ठेवतील. बायको म्हणाली, मग आम्ही पण त्याच गाडीत. मी म्हणालो, निदान मुलींना तरी ठेव. "पोरी आठ दिवस नाचताहेत. त्यांना काय सांगू, मामाच्या गाडीला एक खिडकी जास्त आहे?" भावाला एकट्याला धोक्यात पाठवून आपण पॅसेंजरने आंबे घेऊन माहेरी पोचायचं हे तिला जमणार नव्हतं. मला ते कळत होतं. मी तिघींना सचिनच्या रिक्षात बसवून दिलं आणि चौदा पायऱ्यांच्या पायथ्याशी वळून केबिनमध्ये शिरलो, कारण सहा वाजले होते.

सातला माझी सत्तावीस-बारा पुढ्यात येऊन उभी राहिली. बायका, बोचकी, पत्र्याच्या पेट्या, टोपलीत आंबे. मी तिकिटं दिली, सीट नंबर सांगितले, एका म्हातारीला खिडकी हवी होती तिला ती दिली. गाडी गेली. आता सचिनहून दुसरी सुटली असेल. आता बारडोली. आता सोनगड. पुढची नाही तर मागची, दोन्हींपैकी एक कुठल्या नाक्यावर थांबवली असेल, आणि अर्ध्या तासाने तोच नंबर परत आला तर समोरच्याला कागदावरून मान वर करायला किती वेळ लागतो, याचा हिशेब मी करत बसलो. फोन सकाळी एकदा वाजला, शेठचा व्याही होता. दुपारी एकदा वाजला, कुणीतरी अंमळनेरची गाडी विचारत होतं. त्या माणसाशी मी इतका वेळ बोललो की शेवटी तोच घाईत फोन ठेवून गेला. फोन सोडून कुठे जाता येत नव्हतं, आणि फोनला कुलूप होतं. त्या दिवशी रस्त्यावरून गेलेला एकही नंबर मी लिहिला नाही.

चार वाजून गेल्यावर शिरपूरच्या एसटीडी बूथवरून बायकोचा फोन आला.

"पोचलो."

"सगळे?"

"सगळे. धाकटीने दोनदा ओकलं. भावाने चावी दिली."

"एजंट काय म्हणाला?"

"काय म्हणणार. चावी खिशात टाकली." मग म्हणाली, "तुम्ही जेवले का?"

एवढंच. मेहुण्याला पुढे तालुक्यातच दुधाची गाडी मिळाली, एमएच अठरा, स्वतःचे कागद असलेली. सासूबाई मात्र कित्येक वर्षं सांगत राहिल्या की जावयाने माझ्या पोराला सुरतेत टिकू दिलं नाही. मी कधी खोडून काढलं नाही. इंग्लंडला मी खरं काय ते लिहिलं: दोन गाड्या आहेत, त्यांतली एक नंबराला खोटी आहे, मालक माझा आहे. म्हाताऱ्याने उत्तरात एवढंच लिहिलं की पुढच्या यादीत दोन्ही गाड्यांपुढे त्याने प्रश्नचिन्ह घातलं आहे, आणि मी तब्येतीला जपावं.

एजंटने कुणाकडून तरी परत धाडलेली आठ खिडक्यांची गाडी नऊ दिवस सचिनला लिंबाखाली उभी होती. दहाव्या दिवशी दुपारी जाळीपुढे एक माणूस येऊन वाकला. पस्तिशीचा, खांद्यावर पिशवी, गळ्याशी बटण लावलेला पांढरा शर्ट. बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. बीड, असं त्याने विचारल्यावर सांगितलं.

"साहेब, सचिनच्या प्लॉटवर कुठनं जायचं? सत्तावीस-बारावर लागलोय."

मी त्याला पत्ता सांगितला. मग म्हणालो, "जरा थांबा." शेठचा माणूस आजूबाजूला नाही हे बघितलं, पाण्याचा ग्लास फटीतून दिला, आणि सगळं सांगितलं. चार-पाच वाक्यांत झालं. पाच महिन्यांत जे मला वाचता आलं नव्हतं ते सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तो वाकूनच ऐकत होता.

"कागद झेरॉक्स आहेत म्हणता?"

"हो."

"आन् इन्शुरन्स?"

"दुसऱ्या गाडीचा."

"तुमच्या मेव्हण्याला कळलं तवा त्यानं काय केलं?"

"सोडून गावी गेला."

"त्याचं गाव जवळ आहे," तो म्हणाला. ग्लास परत दिला. "आन् तुमी?"

"मी तिकिटं देतो," मी म्हणालो.

त्याने जाळीतून आत बघितलं. फळी, खुर्ची, कुलूपवाला फोन, मागचं दार. मग तो सरळ झाला आणि मला पुन्हा नुसता शर्ट दिसू लागला. वरून आवाज आला, रिक्षा कुठनं मिळंल. पलीकडून, मी म्हणालो. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर तो मला अख्खा दिसला. एक रिक्षा आली, त्याने जाऊ दिली. दुसरीही जाऊ दिली. तेवढ्यात खिडकीवर गिऱ्हाईक आलं, अंमळनेरची दोन तिकिटं हवी होती. ती देऊन मान वर केली तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी शेठ चहाला आला तो खुशीत होता. "मास्तर, बीडवाळो सरस चलावे छे."

त्याने काही विचारलं का, मी म्हणालो.

"हा. वरसमां रजा केटली मळे, ए पूछ्युं," शेठ म्हणाला. वर्षाला रजा किती मिळते, ते. आणि तो बशीतला चहा फुंकू लागला.